दोन मुक्काम, एक गाव: दिंद्रुडहून रेवदंड्याला

दिंद्रुड, तेलगाव, सिरसाळा या पट्ट्यात समुद्रावर जायचं ठरलं की कागदावर उतरणारी यादी साधारण एकच असते: अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, जमलं तर महाबळेश्वर आणि येताना जेजुरी. गाडी बहुधा भाड्याची क्रूझर, माणसं दहा-बारा, दिवस चार. यादी करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. एवढ्या लांब जायचं तर सगळं उरकून यावं. पण एकदा हिशोब मांडून बघावा. बीड, पुणे, खोपोली, पेण असं गेलं तर अलिबागच्या पुढचा किनारा आपल्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. चहापाणी, डिझेल, घाट आणि वडखळची कोंडी धरली तर जायला बारा तास आणि यायला बारा तास सहज लागतात. चार दिवसांतला एक अख्खा दिवस सीटवर गेला, आणि त्या थकव्यात अर्धा आणखी. उरलेल्या अडीच दिवसांत पाच गावं करायची, तीही अशा किनाऱ्यावर जिथे दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. मुरूडहून दिवेआगर नकाशावर बोटभर दिसतं, पण मध्ये राजपुरीची खाडी आहे. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जा, नाहीतर भला मोठा वळसा घाला. अशा सहलीत समुद्र पाहून होतो तो गाडीच्या काचेतून. म्हणून छोट्या सुटीसाठी एकच गाव धरावं, तिथेच दोन मुक्काम करावेत, आणि ते गावही असं निवडावं की त्याची हद्द आधीच कुणीतरी आखून ठेवलेली आहे. तटबंदीतलं गाव. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या वर्णनाला सगळ्यांत नीट बसणारं गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातलं रेवदंडा.

तटबंदीच का, हे आधी पाहू. नवख्या ठिकाणी दोन दिवस असले की सहलीचा निम्मा वेळ ‘आता पुढे काय’ या चर्चेत जातो. तट असला की तो प्रश्न बराचसा सुटतो: हा दरवाजा, हा बुरूज, ही समुद्राची बाजू, ही खाडीची, पायी फिरता येईल एवढाच पसारा. लहान मुलांना चालता येतं आणि म्हाताऱ्यांना अर्ध्यातून मुक्कामी परतता येतं. आता किल्ले म्हणाल तर किनाऱ्यावर डझनावारी आहेत. जंजिरा त्यांत अधिक देखणा, हे मान्यच करायला हवं. पण जंजिऱ्यात आज मुक्काम करता येत नाही. बोटीने जायचं, तासाभरात उरकायचं, बोटीने यायचं, आणि पावसाळ्यात तर तेही बंद. सिंधुदुर्गात काही घरं अजून नांदती आहेत, पण तिथलाही रिवाज बोटीने जाऊन बोटीने परतण्याचाच. वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या वैभवाने रेवदंड्याहून मोठा; मात्र आत गाव उरलेलं नाही आणि बाहेर पडलं की महानगराची गर्दी अंगावर येते. दमणचा तट शाबूत आहे, पण आपल्याला तो आणखी लांब. रेवदंड्याचं वेगळेपण हे की तटाच्या आत अजून गाव आहे. अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता तटाला भगदाड पाडून आत शिरतो. आत बाजार आहे, शाळा आहे, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांच्या मध्येच सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत.

‘पडक्या भिंती बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे धारूरचा किल्ला आहेच की,’ ही हरकत घरातलं कुणीतरी घेणारच, आणि ती रास्त आहे. उलट माझं म्हणणं असं की रेवदंड्याला निघण्याआधी एक सकाळ काढून धारूरचा किल्ला बघून यावा, कारण या दोन ठिकाणांची गोष्ट एकच आहे. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला, 1560 च्या दशकात. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाने 1569 च्या सुमारास त्यावर चाल केली, किश्वरखान बाण लागून पडला आणि धारूर निजामशाहीत आलं. हाच मूर्तजा पुढच्या वर्षी, 1570 च्या अखेरीस, प्रचंड फौज आणि तोफा घेऊन कोकणात उतरला आणि त्याने पोर्तुगिजांच्या चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, वेढा घातला. आदल्या साली ज्याच्याशी धारूरसाठी लढला त्या विजापूरकराशी आता त्याची जूट होती. त्याच सुमारास आदिलशहा गोव्याला भिडलेला होता. वेढा 1571 च्या पावसाळ्यापर्यंत चालला. चौल पडलं नाही; तह झाला. पण पोर्तुगिजांनी धसका घेतला तो घेतलाच. वेढ्याच्या वेळी गावाला आजच्यासारखी भक्कम तटबंदी नव्हती. ती बहुतांशी त्यानंतर बांधून पक्की झाली. म्हणजे बालाघाटाच्या कड्यावर जी फौज जिंकली, तिच्याच भीतीने समुद्रकाठचा हा तट उभा राहिला. धारूर पाहिलेला माणूस रेवदंड्याच्या तटापाशी उभा राहिला तर त्याला ती भिंत परक्या राज्याची वाटणार नाही. तिच्यात आपलाही भाग आहे.

आणि हा संबंध लढाईपुरताच नाही. चौल हे दख्खनचं दार होतं. प्राचीन ग्रीक लेखकांना ते ठाऊक होतं, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी तिथे येऊन गेला. इराण-अरबस्तानातले घोडे तिथे उतरत आणि घाट चढून देशावरच्या सुलतानांच्या पागांत जात. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून पाली, जुन्नर करत बिदरला पोचला. वास्को द गामा यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. रेवदंड्यात आज निकितिनचं स्मारक आहे. बहामनी राज्य फुटल्यावर चौल निजामशाहीकडे आलं आणि निजामशाहीच्याच परवान्याने पोर्तुगिजांनी 1516 मध्ये इथे वखार घातली, 1521 पासून किल्ला बांधायला घेतला. त्याआधी 1508 मध्ये याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला होता. पुढे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि 1740 च्या तहाने चौल मराठ्यांकडे आलं. तोवर बंदर गाळाने भरत चाललं होतं आणि मुंबई वाढत होती. रेवदंडा पडकं आहे ते एखाद्या मोठ्या लढाईमुळे नाही. व्यापार उठून गेला, म्हणून ते पडलं. मराठवाड्यात पैठण, तेर पाहिलेल्यांना हा प्रकार नवा नाही.

एवढी ओळख डोक्यात असली की त्या भिंती बोलक्या होतात. नसली तर मुलं पंधरा मिनिटांत ‘चला आता पाण्यात’ म्हणणार. म्हणून पहिल्या संध्याकाळी फक्त तटाची फेरी ठेवावी. समुद्राकडच्या दरवाजापासून सुरुवात करावी, तिथलं पोर्तुगीज राजचिन्ह मुलांना शोधायला लावावं. तटाच्या बाहेर सुरूची झाडं आणि लगेच काळसर वाळू. आत येऊन सातखणी मनोरा बघावा. नावाप्रमाणे सात खण आता उरलेले नाहीत, पण जे उरलंय तेसुद्धा माडांच्या वर डोकं काढून आहे. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा आणि मठाचा तो मनोरा. जवळून बघताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: खालचा दगड काळा, आपल्याकडच्यासारखाच बेसाल्ट, जोड चुन्याचे, आणि खाऱ्या वाऱ्याने दगडापेक्षा चुना आधी खाल्ला गेलाय, त्यामुळे काही ठिकाणी दगड नुसते एकमेकांवर टेकून उभे आहेत. तिथे चढू नये आणि पोरांना चढू देऊ नये, हे त्यामागचं व्यवहारी सांगणं. दुसरं असं की बऱ्याच भिंती लोकांच्या वाड्यांमध्ये आहेत. कुंपण ओलांडायच्या आधी हाक मारून विचारावं. आपल्या उसात कुणी न विचारता शिरलं तर आपल्याला जसं वाटतं तसंच त्यांनाही वाटतं. विचारलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, उलट तोफ कुठे पडलीय ते स्वतःहून दाखवतात. गावात बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉगही आहे. हा समाज शतकानुशतकं या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवत राहिला आणि शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला गेला; बोली त्यांची मराठीच. प्रार्थनास्थळ आहे, बाहेरून बघून पुढे जावं.

दुसरा दिवस दोन भागांत करावा. सकाळी उन्हाआधी कोर्लई. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे पलीकडच्या काठावर डोंगराची एक सोंड समुद्रात घुसली आहे, तिच्यावर हा किल्ला. दीपस्तंभापर्यंत रस्ता जातो, तिथून वर पायऱ्या. चौलवर वरून तोफा डागता याव्यात म्हणून निजामशाहीनेच या डोंगरावर ठाणं उभारलं आणि 1594 मध्ये पोर्तुगिजांनी ते घेतलं. वर उभं राहिलं की निजामशहाला हा डोंगर का हवा होता ते सांगावं लागत नाही: एका हाताला उघडा समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, आणि समोर माडांत बुडालेलं रेवदंडा, अगदी माऱ्याच्या टप्प्यात. खाली कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. राज्य 1740 मध्ये गेलं, बोली राहिली. जगभरातले भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करायला येतात. आपण मात्र तिथे ‘जरा बोलून दाखवा’ म्हणत मोबाइल समोर धरू नये. गाव आहे ते, जत्रेतला तंबू नाही.

दुपारनंतरचा वेळ शेजारच्या, आजच्या चौल गावासाठी, आणि इथे घरातल्या ज्येष्ठांची बाजू येते. सहल म्हटली की देवदर्शन हवंच, हा आग्रह टाळण्यासारखा नाही आणि टाळायची गरजही नाही. चौलचं रामेश्वराचं जुनं देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी सपाटीवर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. दत्ताचं देऊळ मात्र डोंगरावर, शेकडो पायऱ्या चढून. मार्गशीर्षात तिथे मोठी जत्रा भरते. परळीच्या वैद्यनाथाच्या पायऱ्या सहज चढणाऱ्यानेसुद्धा दमट हवेत दम लागेल हे धरून चालावं. ज्यांना चढायचं नाही त्यांना रामेश्वरापाशी सावलीत बसवून बाकीच्यांनी जाऊन यावं. दोन्ही ठिकाणं रेवदंड्यापासून रिक्षाच्या अंतरावर. काशीद, मुरूड, जंजिरा हे सगळं याच रस्त्यावर पुढे आहे आणि मोह होणार. पण दुसऱ्या दिवसात ते कोंबलं की कोर्लईही अर्धवट आणि जंजिराही अर्धवट. जंजिरा ही वेगळ्या सुटीची गोष्ट आहे.

आता भरती-ओहोटी. देशावरच्या माणसाचं किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त नियोजन बिघडतं ते इथे, कारण आपल्याला पाणी एका जागी बघायची सवय. विहीर आटते, धरण भरतं, पण दिवसातून दोनदा ये-जा करत नाही. यासाठी मोबाइलवर तक्ते मिळतात, पण आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनसुद्धा काम भागतं. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा अदमासे तास, त्यापुढे किंवा मागे सहा तासांनी ओहोटी. पक्ष कोणताही असो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा भरती, दुपारी बाराला ओहोटी. यात तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा पोचल्यावर कोळ्यांना विचारून खात्री करावीच. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या सुमारास चढउतार दोन्ही बेताचे. हे सगळं सांगायचं कारण अलिबागचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांची राजधानी झालेला हा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, ज्यांना चालवत नाही त्यांना घोडागाडीने. 1721 मध्ये इंग्रज आणि चौलचे पोर्तुगीज एकत्र येऊन त्यावर चालून गेले आणि कान्होजी आंग्र्यांपुढे हात हलवत परतले. परतीच्या सकाळी हा किल्ला करायचा असेल तर त्या दिवशी द्वितीया ते चतुर्थीतली तिथी यावी अशा बेताने सहल आखावी. पाणी सकाळी आठ-नऊच्या सुमारास खाली जातं, वाळू उघडी पडते, आणि किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन साडेदहा-अकराला बसस्टँडवर येता येतं. पाणी वळायला लागलं की लगेच निघावं. ‘अजून घोट्याएवढंच आहे’ म्हणत थांबणाऱ्याला परतताना ते कमरेला लागतं.

तिथी ठरली, पण महिना कोणता? जून ते सप्टेंबर सोडून द्यावा. समुद्र खवळलेला, तट शेवाळलेला, आणि तेव्हा शेतातून पायही निघत नाही. सोयाबीन काढणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, घर मोकळं नसतं. एप्रिल-मे मध्ये मुलांना सुटी असते, पण तेव्हा अख्खी मुंबई आणि पुणं तिकडेच असतं आणि घामाच्या धारा निराळ्या. आपल्याकडचं ऊन कोरडं. अंग भाजतं पण सावलीत बरं वाटतं. तिथे सावलीतही अंग चिकट. कापूस वेचून झालाय आणि ज्वारी अजून काढणीला आलेली नाही असा जानेवारी अखेरचा, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा काळ बहुतेक घरांना सोयीचा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हे लागू नाही. त्यांना कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, उसंत मिळते. त्यांनी दुपार खोलीत काढायची तयारी ठेवून जावं. शाळा बुडेल ही हरकत खरी आहे. तीन दिवस बुडतील; प्रजासत्ताक दिनाला जोडून एखादी सुटी आली तर दोनच. त्याच्या बदल्यात निजामशाही ज्या पोराने पाठ केलीय त्याला ती उभी बघायला मिळते, तेव्हा हा व्यवहार तोट्याचा नाही.

वार कोणता, हा प्रश्न महिन्याइतकाच महत्त्वाचा, आणि इथे लांबच्या माणसाचं पारडं जड आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरची सगळी गर्दी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एवढ्यात कोंबलेली असते, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला तेवढीच सुटी. शेतकऱ्याला, दुकानदाराला शनिवार-रविवारचं बंधन नाही. रविवारी रात्री निघून गुरुवारी पहाटे परतलं तर खोलीचं भाडं घासाघीस करून उतरवता येतं, वडखळला गाडी अडत नाही, आणि रेवदंड्याच्या तटावर आपणच असतो. रविवारीच पोचायचा हट्ट धरला तर दुप्पट पैसे मोजून निम्मं बघायचं.

प्रवासासाठी माझी शिफारस क्रूझरची नाही. दहा-बारा माणसांत ती स्वस्त पडते हे खरं. पण गाडी एकाच चालकाची. तो दिवसभर दुसरं भाडं मारून आलेला असतो आणि रात्रभर चालवून खंडाळ्याचा घाट पहाटे उतरतो, नेमका झोपेच्या वेळी. गाडीनेच जायचं असेल तर दुसरा चालक घ्या, नाहीतर पुण्यात मुक्काम करा. त्यापेक्षा सिरसाळ्यावरून परळी गाठावी. नांदेड–पनवेल एक्सप्रेस रात्री परळीहून लातूर, कुर्डुवाडी, पुणे करत सकाळी पनवेलला पोचते. रात्र झोपेत जाते, दिवस वाचतो. पनवेलहून पेणमार्गे अलिबागची एसटी, अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, त्या रस्त्यावर एसटी आणि सहा आसनी रिक्षा दोन्ही. दुपारच्या जेवणाला मुक्कामी. परतीची गाडी पनवेलहून दुपारी सुटते आणि पहाटे परळीला आणते. तेव्हा परळीहून गावी यायला गाडी आधी सांगून ठेवावी. वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी तपासाव्यात. ज्यांना आरक्षण मिळालं नाही त्यांना बीड-पुणे-अलिबाग असा एसटीचा मार्ग आहेच. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं, आणि पंचाहत्तरच्या पुढे मोफत, तेव्हा बायका आणि म्हातारी माणसं जास्त असलेल्या घराला एसटी क्रूझरपेक्षा फारशी महाग पडत नाही. आधारकार्ड विसरू नये. बीडला रेल्वे आली, 17 सप्टेंबर 2025 पासून अहिल्यानगरपर्यंत गाडी धावू लागली. पण या सहलीसाठी परळीचीच गाडी सोयीची, कारण ती थेट आहे. स्वतःच्या वाहनाने कोलाड-रोह्याकडून येणाऱ्यांनी कुंडलिकेवरच्या साळाव पुलाची चौकशी करून मगच तो रस्ता धरावा. पूल जुना झालाय, जड वाहनांवर बंधनं येत असतात.

राहायला वाडीतल्या घरगुती खोल्या बघाव्यात, शक्यतो तटाच्या आत किंवा चौलच्या बाजूला. फोटो बघून सगळे पैसे आगाऊ पाठवू नयेत. किनाऱ्यावरच्या कॉटेजच्या नावाने बनावट जाहिराती टाकून फसवणारे बरेच आहेत. मालकाशी प्रत्यक्ष बोलावं, एखाद-दुसरा प्रश्न असा विचारावा की ज्याचं उत्तर तिथे राहणाऱ्यालाच देता येईल: सातखणी मनोरा किती लांब, बस कुठे थांबते, अंगणात विहीर आहे का. जेवणाची चिंता आपल्याकडच्या माळकरी घरांना हमखास असते, आणि ‘तिकडे सगळं मासळीच’ ही समजूत त्यामागे असते. ती बरोबर नाही. घरगुती खाणावळीत वालाचं बिरडं, आमटी-भात, सोलकढी, मोदक मिळतात. फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत हवा असेल तर तेही स्पष्ट बोलावं, लाजू नये. भाकरी मागितली तर तांदळाची येईल. ज्वारीवाचून ज्यांचं पोट भरत नाही त्यांनी दशम्या बांधून न्याव्यात. खाणाऱ्यांसाठी मासळी आहेच, आणि थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून मडकं जाळात उपडं घालतात. ती शेतातच, मंडळी जमवून खायची असते. आपला हुरडा तसाच. शाकाहारी पोपटीही सांगितली तर करून देतात. फेब्रुवारीत अलिबागचा पांढरा कांदा रस्त्याकडेला माळा करून विकायला असतो. 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गोडसर आहे, कच्चा खायला उत्तम, पण भावाला जरा तिखट. मानांकनानंतर नावावर दुसराच माल खपवणारेही आले, म्हणून माळेतला एक कांदा फोडून चाखल्याशिवाय घेऊ नये.

पोहण्याबाबत मात्र सवलत नको. आपल्याकडची पोरं विहिरीत वरून सूर मारणारी, कालव्यात वाढलेली. पोहायला येतं हा त्यांचा विश्वास खरा असतो आणि तोच समुद्रात घात करतो. विहिरीचं पाणी ओढत नाही. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं आणि माणसाला आत नेतं; तिथे हातपाय मारायची ताकद कामाला येत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच पट्ट्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. म्हणून भरती चढत असतानाच, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि खाडीच्या तोंडापासून लांब, एवढीच मुभा ठेवावी. कुंडलिकेच्या मुखाशी प्रवाह दोन्हीकडून ओढतो. तिथे पाण्यात पाय टाकू नये. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला घरच्यांनी भिडेखातर सोडू नये.

‘दोन दिवसांत एकच गाव, मग लोकांना काय सांगायचं?’ अशी शेवटची हरकत उरते, आणि ती वाटते तेवढी हलकी नाही. गावात परतल्यावर ‘काय काय पाहिलं’ हे विचारलं जातंच आणि पाच नावं सांगणाऱ्याचा भाव वधारतो. तरी पाच गावं करून आलेल्या एखाद्याला विचारून बघा की मुरूडच्या किनाऱ्यावर कोणत्या दिशेला काय होतं. बहुधा त्याला जेवण कुठे चांगलं मिळालं तेवढंच आठवेल. उलट एका तटाला दोनदा, एकदा भरतीत आणि एकदा ओहोटीत, फेरी मारलेल्या माणसाला ते गाव पाठ होतं. खर्चाचं गणितही याच बाजूने आहे: गाडीचं भाडं आणि डिझेल हा सहलीतला सगळ्यांत मोठा आकडा असतो, एकाच ठिकाणी राहिल्याने तो घटतो, आणि वाचलेले पैसे नीट खोलीवर, बऱ्या जेवणावर घालता येतात.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जायचं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडर काढून तिथी बघायची, परतीचा बुधवार द्वितीया ते चतुर्थीत बसतो का ते पाहायचं, नसेल बसत तर आठवडा पुढे-मागे करायचा किंवा कुलाबा सोडून द्यायचा, आणि परळी-पनवेल व पनवेल-परळी ही दोन्ही तिकिटं आपापल्या तारखेला खिडकी उघडताच काढायची. परतीचं तिकीट नंतर बघू म्हणून ठेवलं की ते वेटिंगमध्ये जातं, आणि मग क्रूझरवाल्याला फोन करायची वेळ येते.